मोजमापाविना वाढवलेला बूस्ट : पुण्यातील एका ‘स्टेज वन’ पॅकेजचे परीक्षण

लहान टर्बो-पेट्रोल गाडी घ्यायची आणि वर्ष उलटायच्या आत तिची ताकद वाढवून घ्यायची, हा पुण्यातल्या बऱ्याच तरुण गाडीवाल्यांचा आता ठरलेला क्रम झाला आहे. एक लिटरचे, तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आज फ्राँक्स, मॅग्नाइट, कायगर, आय-२० एन लाइन अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांत मिळते आणि कारखान्यातूनच १०० ते १२० पीएस (अश्वशक्ती) देते. या इंजिनांची ताकद वाढवणारी तयार ‘स्टेज वन’, म्हणजे पहिल्या पायरीची, ‘पॅकेज’ विकणारी गॅरेजेस शहरात जागोजाग निघाली आहेत. प्रस्तुत परीक्षण अशाच एका पॅकेजचे, ते बसवून देणाऱ्या गॅरेजच्या सेवेचे आणि त्यानंतर त्याच गाडीवर काम केलेल्या दुसऱ्या कार्यशाळेचे आहे. दोघांचीही नावे मी देणार नाही. पहिल्याचे नाव देऊन उपयोग नाही, कारण तोच माल निरनिराळी लेबले लावून अनेक ठिकाणी विकला जातो. दुसऱ्याचे नाव दिले, तर हा मजकूर जाहिरातीसारखा वाचला जाईल.

गाडी माझ्या भाच्याची आहे. तो हिंजवडीत नोकरीला असून त्याने २०२१ सालची पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, दुसऱ्या हाताने घेतली. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, तेव्हापासून चांगल्या स्थितीतल्या पोलोला पुण्यात गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. ९९९ सीसीचे हे इंजिन मूळ स्थितीत ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि शहर, महामार्ग व घाट या तिन्ही ठिकाणी तेवढे पुरेसे आहे, असे माझे मत आहे. भाच्याचे मत वेगळे पडले. भोसरीतल्या एका पुरवठादार कारखान्यात इंजिनाच्या टेस्ट बेडवर माझी नोकरी झाली असल्यामुळे पॅकेज बसवल्यानंतर काही महिन्यांनी गाडी माझ्याकडे आली. तक्रार अशी होती : “मामा, खंबाटकीत गाडी मिसिंग मारते रे. तिसऱ्यात पाय दाबला की एकदम सुन्न होते, आणि मग धक्का देऊन उचलते.”

पॅकेजमध्ये तीन वस्तू होत्या. बूस्ट, म्हणजे टर्बोने (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने) इंजिनात दाबलेल्या हवेचा दाब, मोजणाऱ्या सेन्सरांच्या आणि ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) मध्ये जोडायचा एक प्लास्टिकचा बॉक्स, मूळ एअर फिल्टरची पेटी काढून त्या जागी बसवायचा उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर, आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेला डाउनपाइप (टर्बोपासून निघणारा एक्झॉस्टचा पाइप). बसवणावळीसह हा खर्च चाळीस हजारांच्या घरात गेला. ईसीयूच्या मूळ प्रोग्रॅमला कोणी हात लावला नव्हता, आणि नेमकी तीच गोष्ट ‘वॉरंटीला धोका नाही’ म्हणून गुण म्हणून सांगण्यात आली होती. ताकद किती वाढेल, याचे उत्तर ‘तीस घोडे तर कुठे गेले नाहीत’ असे होते.

गॅरेजचे काम हाताने वाईट नव्हते, हे आधी नोंदवतो. दिलेल्या वेळेला गाडी परत मिळाली होती. वायरिंगवर कापडी टेप नीट गुंडाळलेली होती, बॉक्स बॅटरीच्या बाजूला पट्ट्याने घट्ट बांधला होता आणि बॉनेटखालची एकही क्लिप तुटलेली नव्हती. चहा विचारला जातो, फोन उचलला जातो, उधार-उसनवारीचा विषयही समजुतीने हाताळला जातो. उणीव एकच होती, पण ती मुळावर होती : काम करण्यापूर्वी गाडीचे कोणतेही मोजमाप घेतलेले नव्हते आणि केल्यानंतरही नाही. डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवली होती का, असे मी फोन करून विचारले, तेव्हा मालक मोकळेपणाने म्हणाले, “साहेब, डायनोचं काय घेऊन बसलात? चालवून बघा ना. पाठ सीटला चिकटली नाही तर पैसे परत.”

पाठ सीटला चिकटते, हे खरे आहे. बॉक्स काम करतो, आणि तो कसा करतो हे समजल्याशिवाय पुढचा बिघाड कळणार नाही.

आजच्या टर्बो-पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटरचे पेडल थेट थ्रॉटलची झडप ओढत नाही. ते ईसीयूकडे टॉर्कची मागणी नोंदवते. त्या क्षणी सिलिंडरमध्ये किती हवा जाते आहे, तिचे तापमान काय आहे, त्या हवेला किती पेट्रोल लागेल आणि ठिणगी किती अंश आधी टाकली तर नॉकिंग (मिश्रण अवेळी, धक्क्याने पेटणे) होणार नाही, याचे गणित ईसीयू दाबाच्या आणि तापमानाच्या सेन्सरांवरून मांडतो. बॉक्स या गणिताच्या पहिल्याच आकड्यात फेरफार करतो. प्रत्यक्षात असलेला दाब तो ईसीयूला कमी करून सांगतो. ईसीयूला वाटते की बूस्ट अपुरा आहे, म्हणून तो वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप) अधिक वेळ बंद ठेवतो, टर्बो अधिक फिरतो आणि खरा दाब वाढतो. म्हणजे हवा वाढली. पण ती वाढल्याचे ज्याने पेट्रोल आणि ठिणगी ठरवायची त्यालाच ठाऊक नाही. हिशेबनीसाला खोटी पावती देऊन खर्च करण्यासारखा हा व्यवहार आहे, आणि महिनाअखेरीस वही जुळत नाही ती इथे.

जुळवण्याचा प्रयत्न मात्र होतो. एक्झॉस्टमधला लॅम्डा सेन्सर मिश्रणात पेट्रोल कमी पडल्याचे सांगतो आणि ईसीयू फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या प्रमाणातली टक्केवारीची दुरुस्ती) वाढवून ती तूट भरून काढतो. नॉक सेन्सरला सिलिंडर ब्लॉकमधला धक्का ऐकू आला की ठिणगीचे टायमिंग मागे घेतले जाते. या दोन दुरुस्त्यांच्या जोरावर गाडी महिनोन्‌महिने चालत राहते, आणि म्हणूनच ‘आमच्या इतक्या गाड्या चालतायत, कुणाची तक्रार नाही’ हे गॅरेजवाल्याचे वाक्य खोटे नसते. परंतु या दुरुस्त्या कारखान्याने वाईट पेट्रोल, तापलेला दिवस, झिजलेला प्लग अशा अडचणींसाठी राखून ठेवलेल्या असतात. बॉक्स ती शिल्लक रोजच्या खर्चाला काढतो. शिवाय ईसीयू शिकत जातो आणि आपले सरासरी आकडे बदलत जातो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात जाणवलेला जोर पुढे ओसरतो. भाच्याने ‘गाडी आता सवयीची झाली’ असे ज्याला म्हटले, तो बहुतांशी प्रत्यक्षात कमी झालेला जोर होता.

तपासणी करताना एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून ती जरा सविस्तर लिहितो. बाजारात मिळणारा, गाडीच्या तपासणी-सॉकेटला जोडायचा ओबीडी स्कॅनर लावून मोबाइलवर बूस्ट पाहिला, तर तो कारखान्याच्या आकड्याला धरूनच दिसतो, आणि मालक निश्चिंत होतो. पण स्कॅनर ईसीयूलाच विचारतो, आणि ईसीयूला बॉक्सने सांगितलेले ठाऊक असते. खरा दाब पाहायचा, तर सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या इन्टेक मॅनिफोल्डकडून येणाऱ्या नळीत टी-आकाराचा जोड लावून स्वतंत्र यांत्रिक गेज लावावा लागतो. तो मी लावला, सोबत लॅपटॉपवर ईसीयूच्या नोंदी सुरू केल्या, आणि भाच्याला गाडी चालवायला सांगून साताऱ्याच्या दिशेने निघालो. खंबाटकीत साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागला आणि परतताना बोगदा लागला, त्यामुळे जाताना इंजिनावर दीर्घ आणि एकसारखा भार मिळाला. वेगमर्यादेत राहूनही इंजिनाचा कस लागतो.

घाटात दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ३५०० आरपीएमच्या दरम्यान स्क्रीनवरचा बूस्ट आणि गेजवरचा बूस्ट यांत सुमारे ०.२ बारचा फरक होता. लाँग टर्म फ्युएल ट्रिम दहा टक्क्यांच्या वर गेलेला होता. सर्वांत बोलकी नोंद टायमिंगची होती. पहिल्या चढावर ते थोडे मागे आले, दुसऱ्या वळणानंतर आणखी मागे, आणि जिथे गाडी ‘सुन्न होते’ असे भाचा म्हणत होता, तिथे दुसऱ्या सिलिंडरचे टायमिंग इतर दोघांपेक्षा चार-पाच अंशांनी मागे खेचले गेले होते. पाय पेडलवर तसाच, बूस्टची सुई वर, आणि रस्त्यावर जोर नाही. त्याच क्षणी स्क्रीनवर मिसफायरचे, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण न पेटल्याचे, आकडे चढू लागले. चेक इंजिनचा दिवा तोपर्यंत लागलेला नव्हता.

टायमिंग मागे गेले की केवळ ताकद घटते, एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. उशिरा पेटलेल्या मिश्रणाची उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची न पडता एक्झॉस्टमधून बाहेर पडते आणि ती थेट टर्बोच्या टर्बाइनवर आदळते. लहान टर्बोचा दांडा भारावर मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि टर्बाइनपाशी येणाऱ्या वायूचे तापमान पूर्ण भारावर ९०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. तेथे आधीच मोकळीक फारशी नसते. अशा वेळी बूस्ट वाढवून टायमिंग गमावणे म्हणजे ताकदीच्या नावाखाली उष्णता विकत घेणे होय. पॅकेज बसवलेल्या गाड्यांत आधी कॉइल आणि प्लग, मग टर्बो, आणि दुर्दैव असेल तर पिस्टन, असा जो क्रम मेकॅनिक सांगतात, तो याच कारणाने घडतो.

परत आल्यावर प्लग काढले. पहिला आणि तिसरा प्लग फिकट तपकिरी होते, जसे असावेत तसे. दुसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मात्र मिरपूड भुरभुरावी तसे बारीक करडे-काळे ठिपके होते, आणि भिंगाखाली त्यांतले एक-दोन चकाकत होते. असे चकाकणारे ठिपके दिसले, की ते पिस्टनच्या माथ्यावरून सुटलेले ॲल्युमिनियम असू शकते, असे समजून पुढची तपासणी करायची असते. कॉम्प्रेशन तपासले, तिन्ही सिलिंडर एकमेकांच्या जवळ होते. लीक-डाउन चाचणीतही रिंगांकडून विशेष गळती आढळली नाही. म्हणजे पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड, जी नॉकिंगने प्रथम तडकते, ती शाबूत होती. गाडी वेळेवर आली होती.

आता पुण्यापुरते थोडे. परदेशातून येणाऱ्या किंवा तिथल्या नकलेवर बनणाऱ्या बॉक्सच्या सेटिंगमध्ये ९५ ते ९८ ऑक्टेनचे (नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचा हा आकडा) पेट्रोल आणि थंड हवा गृहीत धरलेली असते. आपल्याकडे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे या हिशेबानेच वर्षानुवर्षे भरले गेले आहे. ९५ ऑक्टेनचे ब्रँडेड पेट्रोल निवडक पंपांवर मिळते, पण दर आठवड्याला ते भरणारा मालक विरळा. पुण्यातला एप्रिल-मे ४० अंशांपर्यंत जातो, आणि सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली तो आकडा कुठल्या कुठे जातो. उघडा शंकू फिल्टर नेमकी तीच बॉनेटखालची हवा ओढतो. हवेचे तापमान दहा अंशांनी वाढले, की तिची घनता साधारण तीन टक्क्यांनी घटते आणि नॉकिंगची शक्यता वाढते. मूळ एअर फिल्टरची पेटी पुढच्या जाळीकडून बाहेरची हवा घेते. ती परत बसवल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीत इन्टेकचे तापमान पूर्वीपेक्षा दहा-बारा अंश कमी दिसले. शंकू फिल्टरने दिलेली एकमेव खरी गोष्ट म्हणजे पाय उचलल्यावर येणारा ‘फुस्स’ आवाज, आणि त्या आवाजाला गिऱ्हाईक आहे हे मला मान्य आहे. मात्र पुण्यातले खोदलेले रस्ते आणि मेट्रोच्या कामांची धूळ पाहता त्या जाळीदार कापडातून काय काय आत जात असेल, याचा विचार त्या आवाजाची हौस असणाऱ्याने करावा.

उंचीचाही मुद्दा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि येथे हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो. महाबळेश्वरला तो ८६०च्या जवळ उतरतो. समजा, इंजिनाला १९०० मिलिबारचा निरपेक्ष (वातावरणाचा धरून एकूण) दाब हवा आहे. तो पुण्यात मिळवायला टर्बोने हवा दुप्पट दाबायची, तर महाबळेश्वरला २.२ पट. कारखान्याच्या प्रोग्रॅममध्ये हवेचा दाब पाहून टर्बोच्या वेगाला लगाम घालण्याची तरतूद असते. बॉक्सने दाब कमी सांगितला की हा लगाम ढिला पडतो, आणि तो नेमका चढावर, उष्णतेत, चार माणसे बसलेली असताना ढिला पडतो.

इथेनॉलविषयी दोन्ही बाजू सांगायला हव्यात. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल नॉकिंगला सहजासहजी बळी पडत नाही, कारण इथेनॉलचा ऑक्टेन वरचा आहे आणि बाष्पीभवन होताना ते मिश्रण थंड करते. टर्बो इंजिनाला हा फायदाच आहे. पण शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, तर इथेनॉलला केवळ नऊ. त्यामुळे २० टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते आणि इंजेक्टरला तेवढे अधिक इंधन सोडावे लागते. २०२३च्या आधीच्या बहुतेक गाड्या १० टक्के इथेनॉल धरून तयार झाल्या होत्या. म्हणजे अशा गाडीत फ्युएल ट्रिमचा काही भाग पंपावरच्या पेट्रोलने आधीच वापरलेला असतो, आणि त्यावर बॉक्स आपला वाटा मागतो. भाच्याच्या गाडीत बॉक्स काढल्यावरही ट्रिम शून्यावर आला नाही, चार-पाच टक्क्यांवर थांबला. उरलेला वाटा पॅकेजचा होता. ही शिल्लक संपून आकडा वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेला, की पी-०१७१ हा ‘मिश्रण पातळ’ असल्याचा कोड येतो, आणि मग गॅरेजमध्ये इंजेक्टर साफ करण्याचे बिल फाडले जाते.

डाउनपाइपबद्दल मला फारसे बोलायचे नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढल्याने टर्बोच्या मागचा अडथळा कमी होतो आणि टर्बो लवकर जागा होतो, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ईसीयूला त्याची कल्पना दिलेली नसेल, तर बूस्ट मागितल्यापेक्षा वर उसळण्याची भीती असते, आणि दुसरा लॅम्डा सेन्सर आज ना उद्या पी-०४२० कोड टाकतोच. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला काच खाली केली की डोळ्यांना झोंबणारा धूर आपल्याच गाडीचा आहे, हे कळायला यंत्र लागत नाही. कायद्यानेही हे बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हींची तरतूद आहे. ज्या शहराच्या टेकडीवर एआरएआयसारखी वाहनांना मान्यता देणारी संस्था आहे, त्याच शहरात हा पाइप काउंटरवर ठेवून विकला जातो, याला काय म्हणावे?

पहिल्या गॅरेजकडे आम्ही परत गेलो, ते भांडायला नव्हे, तर नोंदी दाखवायला. मालकांनी त्या शांतपणे पाहिल्या आणि बॉक्सवरचे सेटिंग सातवरून पाचवर आणण्याचा सल्ला दिला. सात आणि पाच या आकड्यांचा बारमध्ये अर्थ काय, हे मात्र सांगता आले नाही. बॉक्ससोबतच्या कागदावरही तो नव्हता. पैसे परत देण्याचा विषय निघाला, तेव्हा ‘वापरलेला माल’ हे उत्तर मिळाले. डाउनपाइप मात्र त्यांनी फुकट उतरवून मूळ पाइप चढवून दिला, आणि तेही दुपारच्या जेवणाच्या वेळेत. हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवे.

दुसरी कार्यशाळा शहराबाहेरच्या औद्योगिक पट्ट्यात आहे आणि तिथे चेसिस डायनो आहे. पहिला अनुभव थोडा कोरडा होता. गाडी घ्यायलाच त्यांनी नकार दिला. आधी मूळ एअर फिल्टर, मूळ डाउनपाइप, नवे प्लग, नवे ऑइल आणि इन्टेकच्या नळ्यांची गळती-तपासणी. मग या, असे सांगण्यात आले. प्लगचा गॅपही लेखी दिला, कारण दाब वाढला की जास्त गॅपमधली ठिणगी विझते. ऑइल एपीआय एसपी दर्जाचेच हवे, अशी अट घातली. थेट इंजेक्शनच्या लहान टर्बो इंजिनांत कमी आरपीएमवर भार टाकल्यावर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा जो प्रकार होतो, त्याला आवर घालणे या २०२० साली आलेल्या दर्जाच्या चाचण्यांत धरलेले आहे. या अटी ऐकून भाचा वैतागला. मला उलट तिथेच विश्वास वाटला.

गाडी डायनोवर चढवल्यावर प्रथम मूळ प्रोग्रॅमवरच धावा घेतल्या. समोर मोठा पंखा होता, पण टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला रस्त्यावर मिळणारा वारा पंख्याने पूर्ण मिळत नाही, म्हणून दोन धावांमध्ये इन्टेकचे तापमान खाली येईपर्यंत थांबत होते. घाईने लागोपाठ धावा घेऊन नंतरच्या आकड्यांना ‘आधीचे’ म्हणून दाखवण्याची युक्ती मला ठाऊक आहे. ती येथे झाली नाही. त्यानंतर ईसीयूमधला प्रोग्रॅम वाचून त्यात बदल केले : मधल्या आरपीएमला बूस्ट थोडा वाढवला, वरच्या आरपीएमला तो कारखान्याच्या जवळच ठेवला, पूर्ण भारावर मिश्रणातले पेट्रोल किंचित वाढवले, आणि टायमिंग आमच्या पंपावरच्या पेट्रोलला जुळेपर्यंत एकेक अंशाने हलवले. प्रत्येक बदलानंतर नॉकच्या नोंदी तपासल्या. दुसरा सिलिंडर अजून किंचित संवेदनशील दिसला, तेव्हा टॉर्कचे शिखर त्यांनी आपणहून खाली आणले.

निकालाचा कागद हातात आला, त्यावर मात्र माझा आक्षेप आहे. कागदावर इंजिनाची ताकद ठळक छापली होती आणि चाकांवर मोजलेली ताकद खाली बारीक अक्षरांत. चेसिस डायनो चाकांवरची ताकद मोजतो. इंजिनाची ताकद ही गिअरबॉक्स आणि टायरमधली तूट धरून काढलेली असते, आणि हवेच्या तापमान-दाबासाठी लावलेला सुधारणा-गुणक बदलला की तीही बदलते. कोणता गुणक लावला, हे विचारावे लागले. विचारल्यावर लगेच सांगितले, हे खरे. गिऱ्हाइकाने चाकांवरच्या आधीच्या आणि नंतरच्या रेषांमधला फरक पाहावा, आणि त्या दोन्ही रेषा एकाच दिवशी, एकाच गुणकाने काढल्या आहेत का, एवढे विचारावे. आमच्या कागदावर तो फरक वरच्या टोकाला माफक आणि मधल्या पट्ट्यात चांगला होता. ‘तीस घोडे’ त्यात नव्हते. खंबाटकीच्या चढावर हवा असतो तो मधला पट्टाच.

खर्च पस्तीस हजारांच्या आसपास आला, म्हणजे पहिल्या पॅकेजपेक्षा कमी. प्लग, ऑइल आणि फिल्टर वेगळे. उणिवाही सांगतो. तारीख मिळायला फार वाट पाहावी लागली, फोन क्वचित उचलला जातो, आणि बसायला एक मोडकी खुर्ची आहे. बदललेली फाइल कुलूपबंद असते, ती गिऱ्हाइकाला मिळत नाही. मूळ फाइल मात्र पेनड्राइव्हवर दिली. ईसीयूमध्ये लेखन झाल्याची नोंद राहते आणि कंपनीचे सर्व्हिस सेंटर ती पाहू शकते, विमा कंपनीला कळवणे मालकाचे काम आहे, आणि कलम ५२ च्या कसोटीतून प्रोग्रॅममधला बदलही सुटत नाही, हे तिन्ही मुद्दे त्यांनी पैसे घेण्यापूर्वी सांगितले. क्लचबद्दलही इशारा दिला : वाढलेल्या टॉर्कवर तो सरकू लागला तर त्यांची जबाबदारी नाही.

त्यानंतर त्याच घाटात, तेवढीच माणसे बसवून, पुन्हा नोंदी घेतल्या. तिन्ही सिलिंडरांचे टायमिंग एकमेकांपासून एक-दीड अंशाच्या आत होते, गेजवरचा आणि स्क्रीनवरचा बूस्ट जुळत होता, आणि मिसफायरचा आकडा शून्यावरून हलला नाही. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कुठेही न अडखळता चढली. भाच्याचे म्हणणे पडले की आवाजाची मजा गेली.

पॅकेजला पाचपैकी एक गुण देतो, तो वायरिंगच्या सफाईसाठी आणि फुकट उतरवलेल्या पाइपसाठी. दुसऱ्या कार्यशाळेला चार. त्यांतला अर्धा गुण मी सध्या राखून ठेवला आहे, कारण हे काम डिसेंबरच्या थंडीत झाले आणि मे महिन्यातल्या उन्हात तीच गाडी पुन्हा तपासून, गरज पडल्यास टायमिंग विनामूल्य सुधारून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. काढलेला बॉक्स भाच्याच्या कपाटात आहे. तो विकावा म्हणून एक मित्र त्याच्या मागे लागला असून, त्या मित्राकडे १.२ लिटरची जुनी पोलो जीटी टीएसआय आहे.